मेहुण्याचा उजवा डोळा आणि न विचारलेला प्रश्न

तक्रारदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या आतबाहेर, धंदा अर्जनवीस, राहणार अमरावती.

पीडित : माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. लोखंडी गेट, ग्रिल व ट्रॉल्या बनवितो. राहणार अकोला, मूळ गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात.

गैरअर्जदार : अमरावती शहरातील एक तपासणी केंद्र, जिथे माणसाला गोल यंत्रात निजवून त्याच्या आतले फोटो काढतात आणि ज्याला लहानथोर सगळे एमआरआय म्हणतात.

घटनेची तारीख : ऐन लग्नसराईतली, भर उन्हाळ्यातली. तारीख व वार माझ्या मूळ अर्जात नमूद आहेत. ज्यांनी तो अर्ज न वाचता ठेवून दिला त्यांनी काढून पाहावेत.

साक्षीदार : एक, माझी पत्नी. दोन, डोळ्यांचे एक डॉक्टर, जे साक्षीस येणार नाहीत, परंतु जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे. तीन, मी.

नावे मी कोणाचीच लिहिलेली नाहीत. उभ्या आयुष्यात मी लोकांची नावे बापाच्या नावासकट, उर्फ लावून लिहीत आलो आहे, तेव्हा मला ती लिहिता येत नाहीत असे कोणी समजू नये. परंतु एकाचे नाव लिहिले की तेवढा एकच दोषी ठरतो आणि बाकीचे सगळे सुटतात, हा माझा अनुभव आहे. मला कोणालाही सुटू द्यायचे नाही. माझी तक्रार एका डोळ्याबद्दल आहे. तो डोळा माझ्या मेहुण्याचा, उजवा. तो परत मिळणार नाही असे आम्हाला सांगण्यात आलेले आहे. तो का गेला, हे मात्र लेखी सांगायला कोणी तयार नाही. सबब मीच लिहितो.

माझी बसण्याची जागा कचेरीच्या भिंतीला लागून, टिनाच्या शेडखाली. शिक्षण नववीपर्यंत, दहावीचा फॉर्म भरला होता, परीक्षा राहून गेली. परंतु साहेब बदलून जातात, बाबू निवृत्त होतात आणि माझी वाक्ये त्यांच्या कपाटात तशीच उभी असतात. सनद घेतलेले तरुण वकील ‘सबब’ कुठे लावावा आणि ‘तथापि’ कुठे, हे मला विचारून गेलेले आहेत. आता शेजारी संगणकवाले बसतात. त्यांचा कागद स्वच्छ असतो, मजकुरात जीव नसतो. ते असो.

अर्जाला एक साचा असतो. नाव, वय, धंदा, राहणार. आमच्या वऱ्हाडात धंद्यापुढे दोनच शब्द येतात. जमीन असली तर शेती आणि नसली तर मजुरी. तिवशाचा गवंडी असो, धारणीहून जीपला लटकून आलेला बांबू विणणारा असो, जिनिंगमधला हमाल असो किंवा भट्टीपुढचा लोहार असो, सगळ्यांपुढे मजुरी. ही रीत मी पाडलेली नाही. माझ्या आधी या भिंतीला टेकून बसलेल्यांनी हेच लिहिले आणि आजवर एकाही साहेबाने त्यावर हरकत घेतली नाही. वेगळे काही सांगायला गेले की उलट पुढचे प्रश्न सुरू होतात, दुकानाचे लायसन आहे का, कार्ड कोणत्या रंगाचे, उत्पन्नाचा दाखला कुठे. म्हणून लोकांच्या जिभेवर तो शब्द बसून गेला. खुर्चीतल्या माणसाने ‘काय करता?’ असे विचारले की उत्तर आपोआप बाहेर पडते. त्यात लबाडी नाही. आपले काम खुर्चीतल्या माणसाला समजावून सांगण्याची सवय आम्हाला कोणी लावली नाही, कारण ऐकून घेण्याची सवय त्यांना नव्हती.

आता मेहुण्याच्या वर्कशॉपविषयी.

अकोल्यात मोठ्या रस्त्याच्या कडेला अशा वर्कशॉपांची एक रांगच आहे. बाहेर ट्रॉल्यांचे सांगाडे, आत अर्धवट गेट, जमिनीवर काळी धूळ. ती धूळ म्हणजे लोखंडाचा कीस. ग्राइंडर फिरला की तो उडतो, केसांत बसतो, चहात पडतो आणि डोळ्यांतही जातो. डोळ्यात गेला तर काय करायचे, याची रांगेत एक ठरलेली रीत होती. दवाखान्यात जायचे नाही. शेजारच्या दुकानात लेथ मशीनवर काम करणाऱ्या म्हाताऱ्या टर्नरकडे जायचे. त्याच्या दाराच्या चौकटीला जुन्या भोंग्यातून काढलेले एक गोल चुंबक तारेने टांगलेले असे. तो गड्याचे डोके दोन गुडघ्यांत धरी, पापणी उलटी करी, चुंबक डोळ्याजवळून फिरवी आणि मग काडीला गुंडाळलेल्या कापसाने कीस टिपून तळहातावर दाखवी. दाखवणे महत्त्वाचे होते. दिसला म्हणजे निघाला, असे मानून गडी पुन्हा कामाला लागत असे. वेल्डिंगच्या झगझगाटाने डोळे सुजले तर रात्री बटाट्याचे काप ठेवायचे. एवढेच त्या रांगेचे वैद्यक.

एकदा मी तिथे बसलेलो असताना मेहुण्याचीच पाळी आली. टर्नरने त्याचे डोके धरले.

“हे पाय, निंगाला,” म्हातारा म्हणाला. “मुंगीचं डोस्कं हाय एवढं, अन् तू पोट्ट्यावानी रडून राहिला.”

“रडून नाई राहिलो काका, पाणी येऊन राहिलं.”

“तुझा चष्मा कुठे आहे?” मी विचारले.

मेहुण्याने कपाळाकडे बोट केले. चष्मा तिथेच होता, कपाळावर. “भाऊजी, चष्म्यात घाम येते. घाम आला का लाईन दिसत नाई. लाईन दिसली नाई का गेट तिरपं होते. अन् गेट तिरपं झालं का गिऱ्हाईक तुमच्याकडे अर्ज लिवाले येते.”

सगळी रांग हसली. मीही हसलो. माणूस तोंडाचा मोकळा आणि हाताचा नेमका. त्याने केलेल्या गेटाला ओळंबा लावून पाहिला तरी सुताइतका फरक निघत नसे. एक डोळा मिटून, दुसऱ्याने पट्टीच्या कडेने बघण्याची त्याची सवय होती. बघायचा तो उजव्याने.

मग त्याची मान दुखू लागली. उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, ग्राइंडर धरला की बोटे बधिर व्हायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय लिहून दिला. बहीण अमरावतीत, जावई चार अक्षरे जाणणारा, म्हणून तपासणी अमरावतीसच करावी असे घरात ठरले. आदल्या दिवशी तो बसने आला. पत्नीने भाकरी आणि झुणका केला, आणि सकाळी आम्ही तिघे केंद्रावर गेलो.

काचेचे दार, आत थंडगार, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचे चित्र. काउंटरवर एक मुलगी होती. तिने मेहुण्याचे नाव, वय, वजन विचारले. मग विचारले, “काय करता?”

“मजुरी,” मेहुणा म्हणाला.

तिने तो शब्द संगणकात टाइप केला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. या ठिकाणी वाचकाने थांबावे. माझी सगळी तक्रार या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

यानंतर आतला एक तरुण कर्मचारी आला. त्याच्या हाती ट्रे होता. त्याने जे काही करायचे ते अत्यंत काटेकोरपणे केले, हे मी मुद्दाम नमूद करतो. अंगठी काढली. तांब्याचे कडे निघेना, तर साबण लावून काढले. पट्टा काढला. शर्टाला लोखंडी बटणे होती म्हणून शर्ट काढून हिरवा झगा घालायला दिला. पत्नी सोबत दारापर्यंत जाऊ पाहत होती तर तिच्या पदराची पीन काढून घेतली.

“सारंच काहाडून घेतलं बाई यानं,” पत्नी म्हणाली, “आता आतडे तेवढे राहिले.”

मग त्या तरुणाने मेहुण्याला खिसे रिकामे करायला सांगितले. खिशातून मोजपट्टी निघाली, खडू निघाला, आणि वेल्डिंगच्या रॉडचा एक बोटभर तुकडा निघाला. तो तुकडा त्या तरुणाने स्वतःच्या दोन बोटांत धरून पाहिला आणि हसला.

“काका, हे काय खेळणं घेऊन फिरता?”

“ऱ्हायते खिशात,” मेहुणा म्हणाला.

तुकडा ट्रेमध्ये पडला. त्याचा आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि आला की माझे डोके फिरते. वेल्डिंगच्या रॉडचा तुकडा ज्याच्या खिशात राहतो तो माणूस काय काम करतो, हे ओळखायला कोणती पदवी लागते?

तरुणाने पुढे विचारले, “अंगात काही धातू आहे का? हार्टचं मशीन? रॉड, प्लेट, स्क्रू? कधी ऑपरेशन?”

“नाई.”

“दातात?”

“नाई ना बावा. काहीच नाई.”

मेहुण्याने खोटे सांगितले नाही. हाड मोडून त्यात प्लेट बसवलेली माणसे त्याने पाहिली होती. तसे त्याचे काही नव्हते. डोळ्यातला कीस टर्नरने दर वेळी तळहातावर दाखवला होता. जे निघाले ते अंगात कसे असेल? त्याने सही केली. बधिर हाताने केली म्हणून वाकडी आली. त्याच हातात त्यांनी दाबायला रबरी फुगा दिला आणि सांगितले, “काही त्रास झाला तर दाबा. फोटो निघायला वेळ लागेल, हलायचं नाही.” फोटो. हाच शब्द त्यांनी वापरला. आमच्यासमोर दुसरा कुठलाही शब्द वापरला नाही.

आम्ही बाहेर बसलो. आतून हातोड्याने पत्रा ठोकल्यासारखा आवाज येत होता. पत्नी म्हणाली, “याले तं दुकानातच बसल्यावानी वाटत असन.” थोड्या वेळाने आवाज थांबला, आणि बाजूच्या खोलीतून त्या तरुणाचा आवाज आला, “काका, हलू नका. झालंच आता.” पुन्हा ठोकणे सुरू झाले. पुन्हा थांबले. या वेळी दार उघडले आणि मेहुणा उजव्या डोळ्यावर तळहात दाबून बाहेर आला.

“काय झालं?” मी विचारले.

“भाऊजी, डोळ्यात काईतरी सरकलं. आंदरून. म्या फुगा दाबला, तं म्हणते हलू नका. मंग पुन्यांदा दाबला.”

हात काढला तर डोळा लाल. पाणी गळत होते.

“दिसून राहिलं का तुले?” बहिणीने विचारले.

“लाल पडदा पडल्यावानी दिसून राहिलं.”

तो तरुण म्हणाला, “एसीने डोळा कोरडा होतो काका. पाणी मारा, बरं वाटेल.” आणि त्याने मानेच्या तपासणीचा उरलेला भाग कधी करायचा ते काउंटरवर विचारायला सांगितले. मोजपट्टी, खडू आणि रॉडचा तुकडा त्याने ट्रेमधून परत दिला. काहीही गहाळ झालेले नव्हते.

त्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्क गृहस्थ, खोली लहान, पंखा करकरणारा. सकाळचा सगळा प्रकार ऐकून घेऊन, मेहुण्याची हनुवटी यंत्रावर टेकवून त्यांनी विचारले, “काय काम करता?”

“मजुरी.”

“कशाची मजुरी?”

एवढे दोनच शब्द. अमरावतीच्या एका करकरणाऱ्या पंख्याखाली ते विचारले गेले. काचेच्या दाराआड, थंडगार हवेत, सकाळपासून ते कोणाच्याही तोंडून निघाले नव्हते.

“गेट बनवतो साहेब. ग्रिल, ट्रॉली. वेल्डिंग करतो, ग्राइंडर मारतो.”

डॉक्टरांनी हातातली वस्तू खाली ठेवली. “मशीनमध्ये घालायच्या आधी हे तुम्हाला कोणी विचारलं नाही?”

“नाई.”

“डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं?”

“कीस जाते ना साहेब. काढून टाकतो आमी.”

डॉक्टरांनी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून आणायला लावला. त्या काळ्या फिल्मवर उजव्या डोळ्याच्या जागी एक पांढरा ठिपका होता, पेनाचे टोक टेकावे तेवढा. डाव्या बाजूला काही नव्हते. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. जोरात उडालेला कीस कधीकधी डोळ्याच्या वर चिकटत नाही, डोळा भेदून आत जातो. वरची जखम आपोआप बुजते, दुखणे थांबते, आणि माणूस वर्षानुवर्षे तो आत घेऊन फिरतो. त्याला कळतही नाही. जो वरवर बसलेला असतो तो काडीने निघतो, आणि निघाला म्हणून सगळे निर्धास्त होतात. आणि एमआरआय म्हणजे दुसरे काही नाही, एक प्रचंड चुंबक. त्याने तो आतला कीस हलवला. आत रक्त झाले.

“चुंबक?” मेहुणा म्हणाला. तो खुर्चीतून अर्धा उठला होता. “भाऊजी, त्याइनं सांगतलं होतं का थे चुंबक हाय म्हणून?”

“नाही. फोटो म्हणाले.”

“चुंबक म्हनले असते तं म्या पायच ठेवला नसता आत. चुंबक काय करते थे मले शिकवाव लागते का? सारी जिनगानी त्याच्यातच गेली ना माही.”

मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झाले. कीस काढला. परंतु यंत्रात सरकताना त्याने डोळ्याच्या आतला पडदा फाडला होता. आता त्या डोळ्याला खिडकी कुठे आहे आणि भिंत कुठे एवढे समजते. माणूस समजत नाही.

ऑपरेशननंतर मी एकटा केंद्रावर गेलो. मी तयारीने गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मॅनेजर म्हणून जो होता त्याने मला पाणी दिले, बसायला सांगितले, आणि कागद पुढे केला.

“ही तुमच्या पेशंटची सही. अंगात धातू नाही असं त्यांनी सांगितलं आहे.”

“प्रश्न काय होता?” मी म्हणालो. “वाचून दाखवा.”

“शरीरात बसवलेलं धातूचं उपकरण आहे काय.”

“त्याच्या डोळ्यात कोणी काही बसवलं नव्हतं. लोखंड उडून गेलं होतं. ते का नाही विचारलं?”

“खाली आहे ना. डोळ्याला धातूची इजा. इथे, बारीक अक्षरात. इंग्रजीत आहे.”

“हे त्याला वाचून कोणी दाखवलं?”

“काका, रोज इतके पेशंट येतात. आणि व्यवसाय मजुरी लिहिला आहे. मजुरी म्हटल्यावर आम्ही काय समजायचं? त्यांनी वेल्डर आहे असं सांगायला हवं होतं. तुम्ही माहिती लपवली तर केंद्र जबाबदार कसं?”

लपवली! मी उभा राहिलो. “तुमच्या माणसाने वेल्डिंगचा रॉड स्वतःच्या हाताने त्याच्या खिशातून काढला. हातात धरून हसला. माझ्या बायकोची पीन तुम्हाला दिसली आणि रॉड दिसला नाही? पीन बाहेर ठेवली आणि लोहार आत घातला. याला तुम्ही तपासणी म्हणता?”

“आवाज खाली ठेवा.”

“आवाज खालीच ठेवला होता. त्या दिवशी काउंटरवर त्याने अगदी खाली ठेवून सांगितलं होतं, मजुरी. तेव्हा कोणी म्हणालं नाही, जरा मोठ्याने सांगा, कशाची मजुरी.”

त्याने सुरक्षारक्षकाला बोलावले. सुरक्षारक्षक ओळखीचा निघाला, त्याच्या पेन्शनचा अर्ज मीच लिहिला होता. तो हळूच म्हणाला, “चाला ना काका, काहून बीपी वाढवता,” आणि मला हात धरून दारापर्यंत पोहोचवून गेला.

मजुरी हा शब्द आमचा आहे, ही गोष्ट मी नाकारत नाही. परंतु तो शब्द दारासारखा आहे. त्याच्या आत काय आहे हे बघायचे असेल तर उघडावे लागते. साहेब लोक दारावरची पाटी वाचून निघून जातात आणि मग आत आग लागली तर घरमालकाला विचारतात, पाटीवर का नाही लिहिले? हे मी मान्य करणार नाही. विचारण्याचा पगार ज्याला मिळतो त्याने विचारावे. आणि विचारायचे तर आमच्या शब्दांत विचारावे. डोळ्याला धातूची इजा, असे आमच्या रांगेत कोणी म्हणत नाही. ग्राइंडर मारता का, वेल्डिंग करता का, छिन्नी-हातोडा चालवता का, डोळ्यात कधी कीस गेला होता का, कोणी काढला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरने पाहिला का, असे विचारा. माझ्या मेहुण्याने प्रत्येकाचे उत्तर खरे दिले असते. तो गप्प राहणारा माणूसच नव्हे.

आता तो गप्प असतो. एका डोळ्याने दिसते, काम होते, असे लोक म्हणतात. कोणी करून पाहावे. एका डोळ्याला लांबी-रुंदी दिसते. पुढे किती आणि मागे किती ते कळत नाही. चहा कपाच्या बाजूला ओतला जातो. वेल्डिंगचा रॉड सांध्याला लागायच्या ऐवजी हवेतच थांबतो किंवा भलतीकडे टेकतो आणि चिकटून बसतो. दुकानात परतल्यावर पहिल्याच दिवशी त्याने एक ग्रिल करायला घेतली. दुपारी मी पोहोचलो तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती आणि टर्नर म्हातारा तिच्या कडेला बसून होता.

“तिरपी झाली,” म्हातारा मला म्हणाला. मेहुण्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला.

त्याला ऐकू गेलेच. “गिऱ्हाईकाले पाठवू का तुमच्याकडे अर्ज लिवाले?” तो म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

आता मशीन दुसरा गडी चालवतो. मेहुणा गेटांना रंग मारतो. दुसऱ्याने जोडलेल्या गेटावर हात फिरवून सांधे तपासतो आणि ब्रश बुडवतो. माझ्या पत्नीने त्या दुकानात जाणे सोडले. तिला ते बघवत नाही आणि ती ते बोलून दाखवते, मुख्यतः मला, कारण मॅनेजर तिला सापडत नाही.

आणखी एक नुकसान झाले आहे, ते मॅनेजरच्या गावीही नाही. त्या रांगेत आता एमआरआयचे नाव काढले की माणसे कानाला हात लावतात. टर्नरच्या कमरेला डॉक्टरांनी तीच तपासणी सांगितली तर तो म्हणाला, “मले नाई जाच त्या डब्यात. मेलो तं चालन, पन डोये घेऊन मरन.” मी त्याच्याशीही भांडलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले होते, आणि मी ते इथे त्यांच्याइतक्याच स्पष्टपणे लिहितो: यंत्र वाईट नाही. लोखंडाचे काम करणाऱ्याने आधी तोंड उघडून सांगावे की मी लोखंडाचे काम करतो. काम सोडून किती वर्षे झाली याला महत्त्व नाही. डोळ्यात कधी कीस गेला असेल, तर कोणी काढून तळहातावर दाखवला असला तरी सांगावे. मग आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. काही नसले तर निर्धास्त आत जावे. असले तर आधी ते काढतात किंवा दुसऱ्या यंत्राने तपासतात. त्यात फार तर एक दिवस जातो. टर्नरला घेऊन मी स्वतः अकोल्यातल्या एका केंद्रावर गेलो. काउंटरवर त्याने शिकवल्याप्रमाणे मोठ्याने सांगितले, “लोखंडाचं काम करतो, डोळ्यात कीस जाते.” तिथली मुलगी एक्स-रेची चिठ्ठी लिहू लागली. तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. म्हणजे करता येते! माहीत आहे! चिठ्ठी आहे, यंत्र आहे, रीत आहे. फक्त विचारायचे तेवढे राहिले होते. हे पाहून मला समाधान वाटायला हवे होते. मला मात्र ट्रेमध्ये पडलेल्या त्या तुकड्याचा आवाज ऐकू आला.

माझ्या अर्जांचे काय झाले तेही नमूद करणे भाग आहे. केंद्राने उत्तर दिले नाही. आरोग्याच्या कचेरीतून एक कागद आला की आपले निवेदन संबंधितांकडे वर्ग करण्यात आले आहे. संबंधितांकडे गेलो तर ते म्हणाले, आमच्याकडे आलेले नाही, मूळ ठिकाणी चौकशी करा. ‘वर्ग करण्यात आले आहे’ हे वाक्य मला परके नाही. ते कधी लिहितात आणि कशासाठी लिहितात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल. ते लिहिणाऱ्याने एकदा एक डोळा झाकून स्वतःच्या घराचा जिना उतरून पाहावा.

मेहुणा म्हणतो, “जाऊ द्या भाऊजी, डोया काय वापस येनार हाय?” मी त्याला सांगितले, तो तुझा डोळा आहे, तक्रार माझी आहे. तो म्हणाला, “मंग माह्यासाठी येकच गोष्ट लिवा. म्या लपवलं नव्हतं. लोकं म्हणतात तुनंच सांगतलं नाई. पोरीच्या सासरचेही म्हणाले. थेवढं खोडून काढा.”

सबब, संबंधित केंद्रास, त्याच्या मालकांस, आणि अशा केंद्रांवर देखरेख ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्या सर्वांस विनंती की, माझ्या मेहुण्यास यंत्रात घालण्यापूर्वी तो लोखंडाचे काम करतो काय, हे त्याला समजेल अशा भाषेत कोणी विचारले होते, याचे उत्तर मला लेखी द्यावे. विचारले असल्यास विचारणाऱ्याने समोर येऊन तसे सांगावे. विचारले नसल्यास, ‘आम्ही विचारले नाही’ हे वाक्य सही-शिक्क्यानिशी लिहून माझ्या मेहुण्याच्या अकोल्याच्या पत्त्यावर पाठवावे, म्हणजे ते त्याला पोरीच्या सासरी दाखवता येईल. हे प्रकरण वर्ग करू नये. मी वाट पाहत आहे, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला हाच अर्ज नव्याने लिहून स्वतः आणून देत राहीन.